बिघाड यंत्रात, शिक्षा माणसाला

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो, १९२९ च्या महामंदीवर मी स्वतःहून काहीही वाचलेलं नव्हतं. ओपन इलेक्टिव्हला अर्थशास्त्र घेतलं ते ‘मार्क सुटतात रे’ या सीनियर्सच्या भरवशावर. सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले गेले आणि माझ्या चिठ्ठीत आली महामंदी. शेजारच्याला ‘बचत गट’ आला होता. त्याने माझ्याकडे बघून हळहळ व्यक्त केली. मग नेहमीप्रमाणे आदल्या रात्री बसून बारा स्लाइड पाडल्या. शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, बेकारी वाढली, रूझवेल्ट आले, युद्ध आलं, मंदी संपली. थँक यू.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “१९२९ मध्ये अमेरिकेत जे कारखाने होते, तेच १९३२ मध्येही उभे होते. रेल्वे तीच, खाणी त्याच, कामगार तेच आणि त्यांच्या हातातलं कसबही तेच. भूकंप झाला नाही, युद्ध झालं नाही. मग मोडलं काय?”

मी गप्प. मागून कोणीतरी “कॉन्फिडन्स, मॅडम!” म्हणून ओरडलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “लिहून आण,” म्हणाल्या.

हा लेख म्हणजे ते लिहून आणलेलं उत्तर. ते मासिकात का छापायचं, याला एक घरचं कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी आकडे बघू, कारण आपण इंजिनिअर लोक आकड्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. न्यूयॉर्कच्या बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ वर होता. २४ ऑक्टोबरच्या गुरुवारी घबराट सुरू झाली, आणि २९ ऑक्टोबरच्या मंगळवारी एका दिवसात १ कोटी ६० लाखांहून जास्त शेअर विकले गेले. पडत पडत ८ जुलै १९३२ ला निर्देशांक ४१ वर आला. म्हणजे शंभर रुपयांचे अकरा! पुन्हा ३८१ दिसायला १९५४ साल उजाडावं लागलं. लोक शेअर घेत होते तेही उधारीवर. १०० डॉलरच्या शेअरला खिशातले १० टाकायचे, ९० दलालाकडून घ्यायचे. भाव दहा टक्के पडला की आपले पैसे साफ.

पण इथेच माझा पहिला गैरसमज दूर झाला. शेअर बाजार पडणं म्हणजे मंदी नव्हे. बहुसंख्य अमेरिकनांकडे एकही शेअर नव्हता. तरीही १९३३ पर्यंत तिथला दर चौथा कामगार बेकार झाला. सव्वा कोटीपेक्षा जास्त माणसं! ज्यांचं काम टिकलं त्यांतल्या कित्येकांना आठवड्याचे दोन-तीन दिवसच काम मिळायचं. बाजारातली आग इतक्या लांबच्या घरांपर्यंत पोचली कशी?

कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपल्याला पॉझिटिव्ह फीडबॅक शिकवतात. गॅदरिंगला कोणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेलं की जी किंचाळी निघते, ती. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि दर फेरीला आवाज वाढतच जातो. महामंदी ही तशीच, पण उलट्या दिशेची किंचाळी होती.

१९२० च्या दशकात अमेरिकेत गाडी, रेडिओ, शिलाई मशीन सगळं हप्त्यावर मिळायला लागलं होतं. नोकरी टिकेल की नाही अशी शंका आल्याबरोबर माणूस सगळ्यात आधी काय करतो? नवीन हप्ता घेत नाही. प्रत्येकाचं हे वागणं शहाणपणाचंच आहे. पण सगळ्यांनी एकदम शहाणपणा केला की गाड्या विकल्या जात नाहीत. १९२९ मध्ये अमेरिकेत सुमारे ५३ लाख मोटारगाड्या तयार झाल्या होत्या, १९३२ मध्ये जेमतेम १३ लाख. गाडी नाही म्हणून पोलाद नाही, काच नाही, टायर नाहीत. १९३२ च्या उन्हाळ्यात पोलादाचे कारखाने क्षमतेच्या एक पंचमांशानेही चालत नव्हते. तिथले कामगार घरी बसले, त्यांनी खरेदी थांबवली, म्हणून आणखी कारखाने बंद. स्पीकर, माइक, स्पीकर, माइक...

त्यात बँका. तिथे तेव्हा हजारो छोट्या छोट्या बँका होत्या. एकेका गावाची एकेक. दुसरीकडे शाखा नाहीत, ठेवींना विमा नाही. बँक आपला पैसा तिजोरीत ठेवत नाही, कर्जाऊ देते. त्यामुळे सगळे खातेदार एकाच सकाळी दारात उभे राहिले तर चांगली बँकही झोपते. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बंद पडली. नाव सरकारी वाटलं तरी ती खाजगी बँक होती, आणि तिचे जवळपास ४ लाख खातेदार साधे कष्टकरी, दुकानदार, बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक होते. १९३० ते १९३३ या काळात अशा सुमारे ९ हजार बँका बुडाल्या. बँक बुडाली की तिथला पैसा तर जातोच, पण उरलेल्या बँकाही घाबरून कर्ज द्यायचं थांबवतात. देशात फिरणारा पैसा एक तृतीयांशाने आटला.

हे थांबवायचं काम ज्या मध्यवर्ती बँकेचं होतं ती फेडरल रिझर्व्ह काय करत होती? बऱ्याच अंशी बघत बसली होती. डॉलर सोन्याला बांधलेला. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सोन्याशी असलेली गाठ सोडली, तेव्हा अमेरिकेतून सोनं बाहेर जाईल या भीतीने ऑक्टोबरमध्ये फेडने व्याजदर वाढवले! घराला आग लागलीय आणि टाकीतलं पाणी संपेल म्हणून व्हॉल्व्ह बंद करायचा, असला प्रकार. मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी १९६३ च्या ग्रंथात हे आकड्यांनिशी मांडलं. २००२ मध्ये फ्रीडमन यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या समारंभात फेडचे तेव्हाचे एक गव्हर्नर बेन बर्नान्के यांनी, होय, चूक आमचीच होती, असं जाहीरपणे मान्य केलं. सत्तर वर्षांनी का होईना!

कर्जाचं गणित तर मला सगळ्यात भयंकर वाटलं. आयर्विंग फिशर नावाचे अमेरिकेतले मोठे अर्थतज्ज्ञ. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरचे भाव आता कायमचे वरच्या पठारावर पोचलेत असं त्यांनी सांगितलं, आणि मग स्वतःची सगळी पुंजी त्यात घालवून बसले. पण माणूस प्रामाणिक. आपलं कुठे चुकलं हे शोधत १९३३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की भाव पडतात तेव्हा कर्ज आपोआप वाढतं. कसं ते बघा. १९२९ मध्ये गव्हाचा भाव बुशेलला साधारण १ डॉलर ३ सेंट होता, १९३२ मध्ये ३८ सेंट. समजा शेतकऱ्यावर १००० डॉलरचं कर्ज आहे. आधी ते फेडायला सुमारे ९७० बुशेल गहू विकावा लागला असता, आता २,६३० बुशेल. कर्जाच्या कागदावर एक अक्षर बदललेलं नाही, शेत तेच, घाम तोच, पण ओझं अडीचपटीच्या वर. मग तो जास्त गहू पिकवून बाजारात आणतो, भाव आणखी पडतो आणि ओझं आणखी वाढतं.

जून १९३० मध्ये अमेरिकेने आयातीवरचे कर वाढवले. त्या कायद्यावर सही करू नका असं हजाराहून जास्त अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्राध्यक्षांना लिहून कळवलं होतं. सही झाली. इतर देशांनीही मग आपापल्या भिंती उंच केल्या. १९३३ पर्यंत जगाचा व्यापार, किमतीत मोजला तर, एक तृतीयांशावर आला.

केन्स यांनी १९३० मध्येच गाडीची उपमा दिली होती. इंजिन धडधाकट आहे, बिघडलाय तो मॅग्नेटो. तेव्हाच्या गाडीत ठिणगी देणारा भाग म्हणजे मॅग्नेटो. मॅडमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. मोडलं होतं ते एकही मशीन नव्हे. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई, हा जो माणसामाणसांतला जोड आहे, तो सुटला होता.

आता आपल्या बिरादरीला जरा टोचेल अशी गोष्ट. त्या वेळचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर हे इंजिनिअर होते! स्टॅनफर्डला भूगर्भशास्त्र शिकलेले, जगभर खाणींवर काम केलेले. आईवडील लहानपणीच वारलेले. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या लाखो उपाशी लोकांपर्यंत धान्य पोचवण्याची अवाढव्य व्यवस्था त्यांनी उभी केली होती. म्हणजे माणूस दगड नव्हता, आळशीही नव्हता. त्यांनी सार्वजनिक बांधकामं काढली, बँकांना कर्ज देणारी संस्था १९३२ मध्ये काढली. पण बेकार माणसाच्या हातात केंद्र सरकारने थेट मदत द्यायची म्हटलं की ते अडायचे. त्याने माणसाचा स्वावलंबनाचा कणा मोडेल, मदत शेजाऱ्यांनी आणि धर्मादाय संस्थांनी करावी, ही त्यांची श्रद्धा. शेजारीही बेकार झाला तर काय, याचं उत्तर त्या श्रद्धेत नव्हतं.

लोकांनी सूड उगवला तो शब्दांनी. शहराबाहेर पत्रे-खोक्यांच्या ज्या झोपड्या उभ्या राहिल्या त्यांना ‘हूवरव्हिल’ म्हणजे हूवरनगर म्हणायला लागले. अंगावर पांघरलेलं वर्तमानपत्र म्हणजे ‘हूवर ब्लँकेट’. उलटा काढलेला रिकामा खिसा म्हणजे ‘हूवरचा झेंडा’. १९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक, सरकारने १९४५ साली द्यायचा म्हणून कबूल केलेला बोनस आत्ताच द्या असं म्हणत बायकामुलांसह वॉशिंग्टनला येऊन राहिले. २८ जुलैला जनरल मॅकआर्थर यांच्या हुकमाखाली फौजेने अश्रुधूर सोडून त्यांना हुसकलं. त्यांच्या झोपड्या जळाल्या. देशासाठी लढलेल्यांवर देशाचीच फौज.

या काळातलं मला सगळ्यात न पटणारं दृश्य म्हणजे एकीकडे पाव आणि सूप मिळावं म्हणून लागलेल्या लांबच लांब रांगा, आणि दुसरीकडे नासधूस. भाव मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतलं (हे चित्र आपल्याला अनोळखी नाही). कोळशापेक्षा मका स्वस्त पडतो म्हणून काही ठिकाणी चुलीत मका जाळला. १९३३ मध्ये भाव सावरावेत म्हणून सरकारने सुमारे ६० लाख डुकराची पिल्लं मारायला लावली. ब्राझीलने पोत्यांवर पोती कॉफी जाळली. अन्न होतं, भूक होती. मध्ये पैसा नव्हता.

शिकागोच्या शिक्षकांना महिनोनमहिने पगार मिळाला नाही. १९३३ मध्ये ते रस्त्यावर उतरले. (स्टाफरूममध्ये हा लेख वाचणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी, मी तुमच्या बाजूने आहे.) काळ्या कामगारांना कामावर घेताना शेवटी घ्यायचे आणि काढताना आधी काढायचे. लग्न झालेल्या बाईने पुरुषाची जागा अडवू नये म्हणून तिला घरी पाठवायचे. लग्नं लांबली, पाळणे लांबले, आत्महत्यांचं प्रमाण वाढलं. आपल्या वयाची आणि आपल्याहून लहान अशी लाखो पोरं घरातलं एक तोंड कमी व्हावं म्हणून मालगाड्यांवर चढून देशभर कामासाठी भटकत राहिली.

जर्मनीत १९३२ च्या सुरुवातीला ६० लाख बेकार होते. तिथल्या सरकारने त्या अवस्थेतही खर्च कापायचं धोरण ठेवलं. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. यावर मी काही बोलायची गरज नाही.

आणि हे सगळं ‘तिकडचं’ आहे असं समजू नका. हिंदुस्थानातही शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले होते. शेतसारा मात्र तेवढाच, सावकाराचं व्याज तेवढंच. रुपया १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने पौंडाला बांधलेला, आणि तो दर सोडायला इंग्रज सरकार तयार नव्हतं. सप्टेंबर १९३१ नंतर पौंडाबरोबर रुपयाही सोन्यापासून सुटला, सोन्याचा भाव चढला. मग गावोगावच्या बायकांच्या अंगावरचं सोनं सराफाकडे, तिथून मुंबईला आणि मुंबई बंदरातून लंडनला. त्या दशकात हिंदुस्थानातून ३०० कोटी रुपयांहून जास्त किमतीचं सोनं बाहेर गेलं. त्याला ‘अडचणीतलं सोनं’ म्हणतात हे मी सेमिनारसाठी वाचलं, आणि एकदम आजोबा आठवले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात पणजीच्या पुतळ्यांच्या माळेची गोष्ट सांगतात. सारा भरायला विकली म्हणे. आजोबांच्या सांगण्यात नेहमी एक वाक्य असायचं, “आमच्या बाला व्यवहार कळला नाही.” पणजोबा मरेपर्यंत स्वतःला कमी समजत राहिले. न्यूयॉर्क, लंडन, सोन्याचा दर, यातलं त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगायचं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि गावातली जवळजवळ सगळी कुटुंबं बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तरुण संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिथे जाऊन अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना वाटलं असेल, आता गावाकडे वेळच वेळ आहे, लोक वाचतील, सभा घेतील, चळवळ करतील. झालं उलटं. गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्याने घटलं. आणि हे कधी, तर पुस्तकं फुकट मिळायला लागल्यावर! संशोधकांनी खिडकीत घड्याळ घेऊन बसून रस्त्याने जाणाऱ्यांचा वेग मोजला. पुरुष हळू चालायचे, सारखे थांबायचे. बायका भरभर जायच्या, कारण त्यांचं घरचं काम काही बंद पडलं नव्हतं. दिवसभरात काय केलं ते तासातासाने लिहा म्हटलं तर पुरुषांना उठणं, जेवणं आणि झोपणं यांच्या मधलं काही आठवायचंच नाही.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. रूममधले दोघे झोपले होते. मी लॅपटॉप बंद केला, कारण मारिएनथालच्या त्या रस्त्यावर मला माझा दादा चालताना दिसला.

दादा २०२२ ला इंजिनिअर झाला. कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीत निवड झालेली. आईने पेढे वाटले, ऑफर लेटरची प्रिंट देवाजवळ ठेवली. मग जॉइनिंगची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. मग ‘लवकरच कळवू’. पंधरा महिने! पहिले दोन महिने गडी जोरात होता. ऑनलाइन कोर्स केला, गेट रंगवलं, बाबांचं हिशेबाचं सगळं काम कॉम्प्युटरवर चढवलं. नंतर उठायची वेळ आठवरून दहावर गेली, दहावरून बारावर. स्टँडवरच्या कट्ट्यावर जायचा बंद झाला, कारण तिथे हटकून कोणीतरी विचारायचं, “काय, अजून घरीच?” पुस्तकांचा किडा माणूस, त्या वर्षात त्याने एक पुस्तक पुरं केलं नाही. मी तेव्हा बारावीचा, टेन्शनमध्ये. एकदा तोंडातून निघून गेलं, “दिवसभर लोळतोस तर माझा सीईटीचा फॉर्म तरी भरून दे.” तो काही बोलला नाही. उठला, फॉर्म भरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला. आता तो चाकणला एका छोट्या वर्कशॉपमध्ये डिझाइनला आहे, बरं चाललंय. म्हटलं, “दादा, त्या वेळी मी जे बोललो...” म्हणाला, “सोड रे, मला आठवतही नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “पण खरं सांगू? मला तेव्हा वाटायचं, माझ्याच इंटरव्ह्यूत काहीतरी राहून गेलं असणार.”

मित्रांनो, निवड झालेली होती. पत्र हातात होतं. तरी त्याने चूक शोधली ती स्वतःत!

दादाच्या वेळी जे झालं ती महामंदी नव्हती, नोकरभरतीला लागलेली ओहोटी होती, हे मला कळतं. पण १९३२ चा पोलाद कामगार, साऱ्याच्या नोटिशीपुढे बसलेले माझे पणजोबा आणि बारापर्यंत झोपणारा दादा यांच्यात एक गोष्ट समान आहे. यंत्रातला बिघाड त्यांनी आपल्या अंगावर घेतला. पैसा जातो, तो कधीतरी परत मिळवता येतो. पण ‘माझ्यातच खोट आहे’ हे एकदा आत बसलं की नोकरी लागल्यावरही सहजी निघत नाही.

कोणी म्हणेल, “ज्याच्यात स्किल आहे त्याला नोकरी मिळतेच.” मेसमध्ये हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि प्लेस झालेल्यांकडूनच ऐकतो. संगीत खुर्ची आठवा. शंभर पोरं आणि पंचाहत्तर खुर्च्या. चपळ असेल त्याला खुर्ची मिळेल, हे खरं. म्हणून चपळ व्हा, अभ्यास करा, त्याला माझी ना नाही. पण शंभरच्या शंभर जणांनी चपळाईचा क्लास लावला तरी गाणं थांबल्यावर पंचवीस उभे राहणारच. खुर्च्या कोणी उचलल्या हे विचारायचं सोडून उभ्या राहिलेल्याला ‘तू हळू धावलास’ म्हणणं हा हिशेब चुकीचा आहे.

मग करायचं काय? अमेरिकेत मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट आले. बँका काही दिवस बंद ठेवून, तपासून उघडल्या, ठेवींना विमा आला, डॉलर सोन्यापासून सोडवला. पण मला आवडलेली योजना म्हणजे तरुणांसाठीची ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’. महिना ३० डॉलर, त्यातले बहुतेक घरी पाठवायचे, आणि रानात राहून झाडं लावायची, बांध घालायचे, रस्ते करायचे. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्यातून गेले आणि त्यांनी कोट्यवधी झाडं लावली. मंदी काही यानेच संपली नाही, बेकारी युद्धापर्यंत रेंगाळलीच. पण त्या पोरांना सकाळी उठायला कारण मिळालं. आपल्या महाराष्ट्रानेही १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचं काम काढलं आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला, तो याच विचाराचा. माणसाला नुसती भाकरी पुरत नाही, त्याची कुणीतरी कामावर वाट बघावी लागते.

देशाची धोरणं हॉस्टेलवरून ठरत नाहीत. पण आपल्या कॅम्पसपुरतं काही सुचवतो. एक, जॉइनिंग लांबलेल्या किंवा नोकरी न लागलेल्या पासआउट मुलांना वर्षभर कॉलेजशी जोडून ठेवा. नुसतं लायब्ररी कार्ड देऊन भागणार नाही, मारिएनथालमध्ये पुस्तकं फुकटच होती. त्यांना वेळापत्रक द्या. वर्कशॉपमध्ये, ज्युनिअर्सच्या प्रोजेक्टवर, एम-३ अडलेल्या पोरांना शिकवायला. थोडं मानधन मिळालं तर उत्तमच. दोन, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर फोटोखाली पॅकेजचा आकडा लिहिणं बंद करा. सर, मॅडम, रागावू नका. त्या फलकासमोरून रोज मेसला जाणारी, फोटो नसलेली मुलंही याच कॉलेजची आहेत. आणि तीन, हे आपल्यासाठी. शेवटच्या सेमिस्टरला एखादा सबमिशनशिवाय रूमबाहेर पडेनासा झाला, तर त्याला “कुठे झालं का?” असं विचारू नका. दार वाजवा, “चल, जेवायला,” म्हणा, आणि तो “नको” म्हणाला तरी दाराशी थांबा.

मॅडम, मोडलं काय, असं तुम्ही विचारलं होतं. एकाने खर्च करावा, दुसऱ्याने कमवावं, एकाने ठेव ठेवावी, दुसऱ्याने कर्ज घ्यावं, असा जो जोड माणसांनीच बांधलेला होता तो तुटला. आणि तो तुटल्याचं खापर ज्यांनी फोडून घेतलं, त्यांचा त्यात काहीच हात नव्हता. उत्तर यायला एक सेमिस्टर उशीर झाला. मार्क नाही दिलेत तरी चालतील.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी